सिस्टरवाणी डोळे

"बरं नाही का गं?" या एका प्रश्नानं माझ्या थोरल्या बहिणीचं डोकं उठवलं होतं, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांना सकाळी आरशात आपलं तोंड जागच्या जागी दिसतं, त्यांचं हसायला काय जातं?

पुष्पावती तिचं नाव, मी ताई म्हणते. आरोग्य खात्यात नर्स. घर खोडाळ्याला, आणि सगळी नोकरी सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यांवर पायपीट करण्यात गेली. मी मंजुषा, धाकटी, जव्हारच्या शाळेत शिकवते. आमचे वडील चंद्रकांत जव्हारलाच कचेरीत कारकून होते. त्यांच्याकडून मला त्यांचा राग मिळाला आणि ताईला त्यांचे डोळे. डोळे म्हणजे डोळ्यांखालचे खड्डे. नाकाच्या कडेपासून गालाच्या हाडापर्यंत उतरलेले, काळपट, आणि वर ती पातळ कातडी, हसली की बारीक चुण्या पडणारी. वडिलांना ते शोभायचे. पुरुषाचे डोळे खोल असले की माणूस विचारी दिसतो म्हणे. बाईचे खोल असले की तिला क्षय तरी असतो, नाहीतर नवरा मारतो.

ताईला यातलं काहीच नव्हतं. भाऊजी देवमाणूस, आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. झोप अशी की उशीला डोकं टेकलं की संपलं. डोंगर चढून-उतरून दोन पाडे करून आली की माझ्या दुप्पट जेवायची. पण पंचविशीपासून हेच. एसटीत कंडक्टर उठून बसायला जागा द्यायचा. नवीन डॉक्टर बदलून आला की पेशंट सोडून पहिल्यांदा हिलाच लोहाच्या गोळ्या द्यायचा. सासूनं तूप खाऊ घातलं, शेजारणीनं बदामाचं तेल दिलं, कुणी बटाट्याच्या चकत्या सांगितल्या. मी एकदा तिच्याकडे राहायला गेले, तर बाईसाहेब दुपारी डोळ्यांवर बटाटा ठेवून आडव्या. मी म्हटलं, "भाजी करतेस की काय?" तिनं उशी फेकून मारली. हसत होती, पण तेव्हाही तिचा एक हात चकती सरकू नये म्हणून डोळ्यापाशीच होता.

तिचा जीव कधी एका जागी नसायचाच. बोलताना समोरच्यानं डोळ्यांखाली पाहिलं की ती लगेच मान वळवायची, चष्मा लावायची, काढायची, पदर सारखा करायची. आणि समोरचा हमखास म्हणायचा, "बरं नाही का?"

मग नव्वदनंतरची ती वाईट वर्षं आली. आमच्या भागात लहान मुलं दगावली, पेपरांत जव्हार-मोखाड्याचं नाव यायला लागलं, धूळ उडवत जीपगाड्या यायला लागल्या. नर्सना शिकवणी झाली: पोराला जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी पाजा, आणि धोका कसा ओळखायचा ते आयांना शिकवा. डोळे खोल गेलेत का बघा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा, ती हळू मागे गेली तर पोर सुकलंय. हे शिकवायला एक रंगीत तक्ता मिळाला होता. तक्त्यावर शहरातलं गोंडस पोर आणि त्याच्या डोळ्यांखाली काळ्या शाईच्या दोन रेघा.

ताई तो तक्ता घेऊन पाड्यावर गेली. बाया जमल्या. तिनं बोट ठेवून सांगितलं, डोळे असे दिसले की पोराला घेऊन पळायचं. बाया तक्त्याकडे बघत राहिल्या. एकीनं विचारलं, पोरानं काजळ फिसकटलंय का? त्यांचंही बरोबरच होतं, त्या रेघा तशाच दिसत होत्या. ताई समजावून थकली. तेवढ्यात पुढं बसलेली सकू उठली. तेव्हा ती कोवळी पोरगी होती, कडेवर पहिलं मूल. तिनं ताईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजी तुजेवाणी डोळं, बाय?"

सगळ्या बाया खदाखदा हसल्या. ताईच्या अंगाचा भडका उडाला असणार, मला तिचा स्वभाव माहीत आहे. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आता प्रत्येक बाईला कळलंय. ती म्हणाली, "हो. माझ्यासारखे. पोराचे डोळे माझ्यासारखे झाले की घरात थांबायचं नाही."

आणि तेच सुरू झालं. तक्ता भाऊजींनी पुस्तकांच्या कपाटाला आतून लावला. ताई पाड्यावर गेली की पोराला हातात घ्यायची, आपल्या गालाशी धरायची आणि आयांना म्हणायची, बघा, याचे भरलेले आहेत, माझे खोल आहेत, हा फरक. मग आपल्याच हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती पातळ कातडी क्षणभर तशीच उभी राहायची. बाया "हां हां" करायच्या. हळूहळू त्या पाड्यांवर बोलीच झाली. पोराचं डोळं सिस्टरवाणी झालं, असं कुणी म्हटलं की हातातलं काम टाकून माणसं रस्त्याकडे धावायची. किती पोरं अशी वेळेवर पोचली, कोण जाणे. ताईनं कधी मोजली नाहीत.

मला हे सांगताना ती आधी हसली होती. सांगता सांगता चिडली. "मंजू, माझं तोंड म्हणजे धोक्याची पाटी झालीय," असं म्हणून तिनं चहाचा कप असा ठेवला की बशी फुटली. मग स्वतःच तुकडे गोळा करत बसली. एकाच वेळी तिला अभिमानही वाटत होता आणि लाजही. त्या दोन्हींत ती पुढची सगळी वर्षं येरझाऱ्या घालत राहिली.

तिची मुलगी ऋतिका शिकून नाशिकला नोकरीला लागली. तिथलाच चैतन्य तिनं पसंत केला. मुलगा चांगला, घर चांगलं. दोन हजार आठच्या सुरुवातीला त्यांच्याकडची मंडळी जव्हारला माझ्या घरी आली. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आत्या भांडी ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात माझ्यामागे आली. हळूच म्हणाली, "तुमच्या ताईंना काही मोठं दुखणं आहे का हो? म्हणजे आधीच कळलेलं बरं. घराण्यात असलं काही असलं तर..."

माझ्या हातात झारा होता. तो मी खाली ठेवला, एवढंच माझं कौतुक. म्हटलं, "आहे ना. तिला भूक फार लागते." आत्याबाई भांडी ठेवून बाहेर वळल्या. पण दारात ऋतिका उभी होती आणि तिच्यामागे ताई. दोघींनी ऐकलं होतं.

त्यानंतर ताईला घरात बसवेना. भांडी परत परत लावायची, दारापर्यंत जायची, परत यायची. शेवटी ऋतिकाच म्हणाली, "आई, नाशिकला एक डॉक्टर आहेत. प्लास्टिक सर्जन. नुसतं विचारून तर येऊ." मला वाटलं ताई फटकारणार. ती म्हणाली, "कधी?" इतक्या पटकन म्हणाली की मला तिची दया आली. म्हणजे हे तिच्या मनात किती वर्षं होतं!

मोखाड्यावरून त्र्यंबकच्या रस्त्यानं नाशिकची एसटी धरली. घाटभर ताई खिडकीच्या काचेत स्वतःला बघत होती. दवाखाना असा चकचकीत की मला चपला हातात घ्याव्यात असं वाटलं. डॉक्टर तरुण होता, पण सबुरीचा. त्यानं ताईला आरशासमोर बसवून बॅटरी वरून धरली. खड्डे काळेकुट्ट दिसले. मग बॅटरी समोरून धरली, आणि काळेपणा निम्मा नाहीसा. "बघा, हा सगळा रंग नाही, बरीचशी सावली आहे," तो म्हणाला. "इथली चरबी कमी आहे, ती पण खाली उतरली आहे, आणि वरची कातडी जन्मतः पातळ. तुमच्या घराण्यातच असणार." मग त्यानं बोटानं तिची खालची पापणी हलकेच खाली ओढली आणि सोडली, किती चटकन मागे जाते ते बघायला. ताई एकदम हसली. "ही तर माझीच चिमटी," ती मला म्हणाली. डॉक्टरला काही कळलं नाही.

मग त्यानं एकेक उपाय सांगितला, आणि ताईनं नर्ससारखे आडवे प्रश्न विचारले. रात्री लावायचं क्रीम? त्यानं बारीक चुण्या थोड्या कमी होतील, तेही महिनोन्महिने लावल्यावर, पण खड्डा भरणार नाही. उन्हात फिरता, तर उन्हाचं मलम मात्र लावाच. औषधानं वरचा थर सोलून काढायचा किंवा लेझर? कातडी जरा घट्ट होईल, पण आपल्या सावळ्या रंगावर उलटे काळे डाग पडू शकतात. ऑपरेशन? "ते डोळ्यांखाली पिशव्या लोंबतात त्यांच्यासाठी. तुमच्यात काढण्यासारखं काही नाही, काढलं तर आणखी खोल दिसेल." पोटावरची स्वतःची चरबी काढून तिथे भरता येते, पण सगळी टिकत नाही, कधी गाठी राहतात. राहिलं फिलर, म्हणजे सुईनं हाडालगत भरायचं पारदर्शक जेल. वर्ष-दीड वर्ष टिकतं, मग अंगातच विरतं, परत भरावं लागतं. नकोसं झालं तर ते विरघळवायचं इंजेक्शनही असतं.

"धोका?" ताईनं विचारलं.

"सूज येईल, निळं पडेल, ते उतरतं. क्वचित जेल रक्तवाहिनीत गेलं तर नजरेला इजा होऊ शकते. फार क्वचित. पण सांगितलं पाहिजे."

ताईनं बाहेर येऊन बाकावर बसून खूप वेळ फरशीवर पाय आपटला. ऋतिका म्हणाली, नको असेल तर राहू दे. मी काहीच म्हटलं नाही, आणि गप्प बसणं मला किती जड जातं हे माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा. मग ताई म्हणाली, "आयुष्यात एकदा मला कुणी काही न विचारता रस्त्यानं जायचंय." आणि उठून आत गेली.

सूज आली, निळंही पडलं. ती रजा घेऊन घरात बसली आणि दिवसभर आरसा, खिडकी, स्टीलचं ताट, जे दिसेल त्यात बघत राहिली. सूज उतरली तेव्हा मी खोडाळ्याला गेले. दार तिनंच उघडलं. मी बघतच राहिले. काही निराळं केलंय असं वाटतच नव्हतं, नुसती माझी बहीण सुट्टीवर जाऊन आल्यासारखी दिसत होती. तिनं काजळ घातलं होतं. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा! मला भरून आलं आणि म्हणून मी म्हटलं, "बटाटे स्वस्त होतील आता."

बाजारातून आम्ही दोघी चाललो. कुणी काही विचारलं नाही. ताई उगाचच आणखी एक चक्कर मारायला निघाली.

घरी आल्यावर माझ्याच्यानं राहवेना. विचारलं, "पाड्यावर आता काय दाखवणार?"

तिचा चेहरा लगेच बदलला. "तक्ता आहे की," ती तुटकपणे म्हणाली आणि भाऊजींच्या कपाटातून तो काढून आणलाही. पिवळा पडला होता, पण रेघा तशाच. मी वाद घातला नाही, कारण मला तिचंच पटत होतं. आजही पटतं. सरकार तिला पगार कामाचा देत होतं, डोळ्यांखालच्या खड्ड्यांचा नाही. एका बाईनं आयुष्यभर आजारी दिसावं आणि गावाची सोय व्हावी, हा कुठला न्याय? पण मनाला काहीतरी टोचत राहिलं. तिलाही टोचत असणार, कारण तिनं तक्ता गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला.

पाड्यांवरची निम्मी माणसं तेव्हा गावात नव्हतीच. दिवाळीनंतर ती भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, शिमग्याला चार दिवस येतात आणि परत जातात ती पावसाच्या तोंडाला येतात. सकूच्या घरची माणसंही गेली होती. सकू पस्तिशीच्या आतच सासू झाली होती, त्या पाड्यांवर लग्नं कोवळ्या वयातच होतात. तिची सून बाळी, वाडा तालुक्यातली पोरगी, लग्नानंतर माहेरीच राहिलेली, तिथेच बाळंत होऊन फेब्रुवारीत पहिल्यांदाच पोर घेऊन सासरी नांदायला आली. अंगावरचं पोर घेऊन भट्टीवर कुठं जाणार, आणि घरी आजारी आजेसासरा, म्हणून ती मागे राहिली. लसीच्या दिवशी ती पोराला घेऊन आली, ताईनं सुई टोचली, पोरानं भोकाड पसरलं, गर्दी होती. बाळीनं ताईला पाहिलं ते तेवढंच.

शिमग्याला सकू आली. ताईची आणि तिची गाठ पडली नाही. परत जाताना तिनं सुनेला जे सांगितलं ते त्या पाड्यावरची कुठलीही सासू सांगते तेच होतं. ते आम्हाला नंतर कळलं.

मे महिना उजाडला. सूर्यमाळच्या बाजूला त्या दिवसांत पाण्याचं काय होतं ते सांगायला नको. विहिरीच्या तळाला बाया वाटीनं पाणी भरतात. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती, ऋतिकाचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि ताई अक्षता घेऊन पाड्यांवर आमंत्रणं द्यायला निघाली. मी सोबत गेले. ती इतकी भराभर चालत होती की मला तिच्याशी बोलायलाही दम पुरेना. "सकूचं घर आधी," ती म्हणाली. "ती नसली तरी अक्षता तिच्या दारात पडल्या पाहिजेत."

बाळी ओट्यावर बसली होती, मांडीवर पोर. ताईनं हसत अक्षता काढल्या, पोराकडे पाहिलं, आणि अक्षता तिच्या मुठीतच राहिल्या.

मी डॉक्टर नाही, पण मलाही कळलं. पोराचे डोळे आत गेले होते. अर्धवट उघडे. ओठ कोरडे. ते रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. ताईनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली. माझी बहीण जे स्वतःच्या हातावर दाखवायची ते मी पहिल्यांदाच खरं पाहिलं.

"कधीपासून जुलाब?"

"काल फाटेपासून," बाळी म्हणाली.

ताई ओरडली नाही. मी असते तर ओरडले असते. तिनं पिशवीतून जलसंजीवनीची पुडी काढली, पाणी मागितलं, पोराला चमच्या-चमच्यानं पाजत रस्त्याकडे चालायलाच लागली. बाळी मागे, मी तिच्यामागे. वडापची जीप भरलेली होती. ताईनं पुढच्या सीटवरच्या दोघांना कॉलर धरून उतरवलं म्हटलं तरी चालेल. मोखाड्यापर्यंत ती एक चमचा, थांबणं, एक चमचा, असं करत राहिली. पोरानं मान टाकली की तिचा हात थांबायचा आणि माझा श्वास.

दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळच्या आत पोरानं डोळे नीट उघडले, मग रडलं, आणि त्याच्या गालावरून एक ओघळ आला. पोराचं रडणं बघून आम्ही तिघी हसलो. पोर वाचलं. हे मी आत्ताच सांगते, कारण पुढचं ऐकताना जीव टांगणीला नको.

ताई बाळीशेजारी खाली बसली. "पोरी, लगेच का नाही आलीस? सकूनं तुला काही सांगितलं नव्हतं?"

"सांगलं होतं ना," बाळी म्हणाली. "सासू बोलली, जुलाब लागलं तं पोराचं डोळं बघत राहा. पुष्पा सिस्टरवाणी झालं का पळ. मी बघतच होती, बाय. टोचायचे दिशी तुजं डोळं मी नीट बघून ठेवलेलं. पोराचं तसं झालंच नाय. तुजं कसं भरलेलं, गोरं. त्याचं तं खोल खोलच जात राह्यलं. मी वाट बघत राह्यली."

ताईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं रडतेय. ती बोटांनी डोळ्यांखालचं चाचपत होती.

लग्नाची धांदल सुरू होती आणि नवरीची आई जुन्या फोटोंच्या पेट्या उपसत होती. तिला तिचा जुना चेहरा हवा होता. मोठा करून पाड्यावर लावायला. एकही फोटो धड सापडला नाही. अर्ध्यांत तिनं मान वळवलेली, उरलेल्यांत चष्मा, आणि जव्हारच्या स्टुडिओत काढलेल्यांत तर फोटोवाल्यानं आपण होऊन खड्डे पुसून टाकलेले, बाईमाणूस बरं दिसावं म्हणून. ताई फोटो एकामागून एक आपटत होती. मग तिनं नाशिकला फोन लावला आणि विरघळवायचं इंजेक्शन कधी मिळेल ते विचारलं. ऋतिका रडायला लागली. मी चिडले. "तू काय अपराध केलास? तुझ्या तोंडावर खड्डे नाहीत म्हणून पोर आजारी पडलं का? घाण पाण्यानं पडलं! त्या पाण्याचं इंजेक्शन आण कुठून तरी!"

ती म्हणाली, "मला बसवत नाही गं, मंजू. नुसती बसले तरी बसवत नाही."

शेवटी एवढंच ठरलं की सकू परत आल्यावर तिच्यासमोर जाऊन सांगायचं आणि मग काय ते करायचं. लग्न झालं. आत्याबाई मांडवात म्हणाल्या, "अय्या, तब्येत काय छान सुधारली हो तुमची!" ताई हसली. तो एक क्षण तिनं आयुष्यभर मागितला होता, आणि तो आला तेव्हा ती दाराकडे बघत होती.

भट्ट्या बंद झाल्या, माणसं परतली. पावसाआधीची बायांची बैठक सकूच्या ओट्यापाशी भरायची होती. ताईनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. बाया जमल्या, बाळी पोराला घेऊन बसली, पोर चांगलं टणटणीत. सकू पुढं आली आणि ताईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, पूर्वी पाहिलं होतं तसंच. ताईनं सांगून टाकलं. सुई, नाशिक, सगळं. "माझ्यामुळे तुझं नातवंड जात होतं, सकू," ती म्हणाली.

सकूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बेस केलंस, बाय. तू तरी किती वर्सं तसं तोंड घेऊन फिरशील?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट कान देऊन ऐकत होते. तिनं सुनेच्या हातातून पोर घेतलं, आपल्या गालाशी धरलं आणि बायांकडे वळली. "आता माजं बघा गं! ह्याचं भरलेलं, माजं खोल. सिस्टरचं गेलं तं गेलं. आता सकूवाणी झालं का पळायचं!"

बाया खदाखदा हसल्या. सकूही हसली. मीसुद्धा हसणार होते. इतक्या वर्षांत तिच्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर ती ताईहून कितीतरी लहान असून तिचे डोळे आत, आत गेले होते. ताईचे जुने डोळे त्यापुढं काहीच नव्हते.

ताई हसत नव्हती. ती उठली, सकूचा हात हातात घेतला आणि हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. मग अंगठ्यानं तिची खालची पापणी खाली ओढली. आत लाल दिसायला हवं, तिथं पांढरं दिसत होतं, अंगात रक्तच नसल्यासारखं.

"सकू," ताई म्हणाली, "बरं नाही का गं तुला?"

सकूचं हसणं थांबलं. पोर कडेवर सारखं करत ती म्हणाली, "मना कोन इचारतं, बाय?"

त्याच दुपारी आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला मोखाड्याच्या जीपची वाट बघत उभ्या होतो. ताई एका जागी उभी राहत नव्हती. आणि सकू आम्हाला सारखी विचारत होती की पोर तर बरं आहे, मग दवाखान्यात कशाला जायचं.